‘पोर्ट रॉयल’: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जर्मनीतील हॅम्बर्ग शहराच्या ‘रनिंग वाइल्ड’ या हेवी मेटल बँडचा ‘पोर्ट रॉयल’ हा १९८८ साली निघालेला स्टुडिओ अल्बम गेल्या अंकात या सदरातून सुचवला होता. समुद्री चाच्यांचे जग मेटल संगीतात गांभीर्याने आणणाऱ्या पहिल्या अल्बमांपैकी तो एक आहे. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये संगीताबद्दल जितके प्रश्न होते, तितकेच इतिहासाबद्दलही होते, याचा मला फार आनंद वाटला. निवडक प्रश्नांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न: कॅरिबियन समुद्रातील चाच्यांशी हॅम्बर्गच्या चार तरुणांचा संबंध काय? हा केवळ पोशाखाचा आणि विक्रीचा प्रकार नव्हे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: पोशाखाने विक्रीला मदत झाली, हे मान्यच करायला हवे. परंतु पोशाख अंगावर चढण्यापूर्वी हा बँड कशाबद्दल गात होता, हे पाहिले की आपल्या शंकेचे बऱ्याच अंशी निरसन होईल.

१९७६ साली हॅम्बर्गमध्ये ‘ग्रॅनाइट हार्ट’ या नावाने काही शाळकरी मुलांनी हा बँड सुरू केला आणि १९७९ साली ‘ज्युडास प्रीस्ट’ या इंग्रज बँडच्या एका गाण्यावरून त्याचे नाव ‘रनिंग वाइल्ड’ असे ठेवले. गायक, गिटारवादक आणि बहुतेक गाण्यांचा कर्ता रोल्फ कास्पारेक हा तेव्हापासून आजपर्यंत बँडचा कणा राहिला आहे. १९८४ साली बर्लिनच्या ‘नॉइज रेकॉर्ड्स’ या कंपनीने त्यांचा पहिला अल्बम ‘गेट्स टू परगेटरी’ काढला, तेव्हा त्यांच्या गाण्यांत चाचे नव्हते, सैतान होता. हा सैतान उपासनेचा विषय नसून सत्तेपुढे मान न तुकवणाऱ्याचे प्रतीक आहे, अशी बँडची भूमिका होती, आणि त्या गाण्यांमधील राग राज्यकर्ते, धर्मसत्ता आणि पैसेवाले यांच्यावरच रोखलेला आहे. पुढे १९८७ साली ‘अंडर जॉली रॉजर’ (जॉली रॉजर म्हणजे चाच्यांचा कवटीचा झेंडा) हा तिसरा अल्बम आला. त्यातील आठ गाण्यांपैकी फार थोडी चाच्यांशी संबंधित आहेत, पण तोफांच्या आवाजाने सुरू होणारे शीर्षकगीत लोकांनी उचलून धरले, त्याला साजेसा रंगमंच उभा राहिला, आणि त्यानंतर कास्पारेक त्या काळाच्या इतिहासाकडे अभ्यासू वृत्तीने वळला. ‘पोर्ट रॉयल’ हे त्या वळणाचे पहिले मोठे फळ आहे. प्रतीक बदलले, परंतु ज्याच्याविरुद्ध ते उभे केले होते, ती सत्ता तीच राहिली. म्हणूनच मी या अल्बमला वेशांतराचा खेळ मानत नाही.

हॅम्बर्गबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते. या बंदराच्या शहरात क्लाउस श्टॉर्टेबेकर या चाच्याचे नाव आजही घराघरात माहीत आहे. उत्तर समुद्रात हान्झा व्यापारी संघाची गलबते लुटणाऱ्या या माणसाचा आणि त्याच्या साथीदारांचा १४०१ च्या सुमारास हॅम्बर्गच्या ग्रासब्रोक भागात शिरच्छेद झाला. मुंडके उडाल्यावर तो उठून आपल्या माणसांच्या रांगेपुढून चालत गेला आणि जितक्यांना ओलांडून गेला तितक्यांना जीवदान मिळायचे होते, अशी दंतकथा तेथे सांगतात. त्याच्या टोळीला लूट समसमान वाटून घेणारे म्हणून ओळखले जात असे. १९८०च्या दशकात त्याच शहरातील सांक्ट पाउली फुटबॉल क्लबचे चाहते कवटी आणि हाडांचा झेंडा मैदानात फडकवू लागले होते. चाच्यामध्ये गरिबाचा कैवारी पाहण्याची सवय या शहराला ‘रनिंग वाइल्ड’च्या जन्माआधी पाच शतके लागलेली होती.

प्रश्न: अल्बममधील प्रत्येक गाणे चाच्यांवर आहे का? मला ‘कॉन्किस्टाडोरेस’ हे गाणे सर्वांत आवडले, पण ते तर स्पॅनिश सैनिकांबद्दल आहे. मग ते इथे का आले असावे?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर

उत्तर: आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. एक छोटी प्रस्तावना आणि दहा रचना असलेल्या या सुमारे पाऊण तासाच्या अल्बममध्ये चाच्यांच्या जीवनाशी थेट जोडलेली गाणी मोजकीच आहेत: ‘पोर्ट रॉयल’, जहाजावरील बंडाचे ‘म्युटिनी’ आणि शेवटचे ‘कॅलिको जॅक’. उरलेल्या गाण्यांत युद्ध आहे, विध्वंस आहे, आणि ‘फायनल गेट्स’ ही शब्दांविना केवळ वाद्यांची रचनाही आहे. तरीही अल्बम विस्कळीत वाटत नाही, आणि त्याचे श्रेय माझ्या मते आपल्या आवडत्या गाण्याकडे आणि त्याच्या थोडे आधी येणाऱ्या ‘उआशिचून’ या गाण्याकडे जाते.

इतिहासाचा क्रम लक्षात घ्या. १५२१ साली एर्नान कोर्तेसने अॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली. १५३२ साली फ्रान्सिस्को पिसारोने इंकांचा राजा आताहुआल्पा याला काहामार्का येथे कैद केले, सुटकेच्या बदल्यात खोलीभर सोने घेतले आणि पुढच्या वर्षी त्याला ठारही केले. १५४५ साली आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे चांदीचा डोंगर हाती लागला, आणि तेथील स्थानिक लोकांना खाणींत जुंपून काढलेली चांदी वर्षानुवर्षे ताफ्यांतून स्पेनकडे जाऊ लागली. कॅरिबियन समुद्रात इंग्रज, फ्रेंच आणि डच लुटारूंची जी गर्दी पुढच्या शतकात झाली, ती या ताफ्यांच्या वासावर झाली. म्हणजे ‘कॉन्किस्टाडोरेस’मध्ये जी लूट आहे, ती ‘पोर्ट रॉयल’ या गावाच्या जन्माची पहिली पायरी आहे. ज्याने एक अख्खे साम्राज्य लुटले त्याला इतिहासाने विजेता म्हटले, आणि ज्याने त्या लुटीतील एक गलबत पळवले त्याला फासावर चढवले. ही विसंगती अल्बम कुठेही व्याख्यान देऊन सांगत नाही, गाणी शेजारी शेजारी ठेवून ती श्रोत्याच्या लक्षात आणून देतो.

‘उआशिचून’ हे नाव लाकोटा लोकांच्या भाषेत गोऱ्या माणसासाठी असलेल्या शब्दावरून, जर्मन उच्चाराप्रमाणे लिहिलेले आहे. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या नजरेतून जमिनीचा आणि निसर्गाचा विध्वंस करणाऱ्या माणसाला केलेला तो सवाल आहे. १९८८ साली मेटल बँडकडून असे गाणे येणे दुर्मीळ होते, आणि मला स्वतःला ते अल्बममधील सर्वांत प्रामाणिक गाणे वाटते. कास्पारेकची इंग्रजी त्यात काही ठिकाणी अडखळते हे खरे, पण त्याची तळमळ अडखळत नाही.

प्रश्न: पोर्ट रॉयल हे खरे शहर होते का? ते भूकंपात बुडाले असे वाचले, म्हणजे नेमके काय झाले? आणि कॅलिको जॅक ही व्यक्ती खरी की कल्पित?
— एक सेवानिवृत्त इतिहास शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर: शहरही खरे आणि माणूसही खरा. या दोघांची गोष्ट सविस्तर सांगण्याची संधी आपण दिलीत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

१६५५ साली इंग्रजांनी जमैका बेट स्पेनकडून घेतले. आजच्या किंग्स्टन बंदराच्या तोंडाशी वाळूची एक लांबलचक पट्टी समुद्रात गेलेली आहे. तिच्या टोकावर किल्ला बांधून त्याभोवती जे गाव वसले ते पोर्ट रॉयल. स्पेन बेट परत घेण्यासाठी येईल ही भीती होती आणि बेटाच्या रक्षणासाठी पुरेसे आरमार नव्हते, म्हणून इंग्रज गव्हर्नरांनी खासगी लढाऊ गलबतांच्या कप्तानांना स्पॅनिश जहाजे लुटण्याचे लेखी परवाने दिले आणि त्यांना या बंदरात थारा दिला. लुटीचा माल येथे विकला जाई आणि मिळालेला पैसा येथेच दारूच्या गुत्त्यांत आणि जुगारात उडवला जाई. हेन्री मॉर्गन हा त्या सर्वांचा शिरोमणी. १६७१ साली त्याने पनामा शहर लुटले, तेव्हा इंग्लंड आणि स्पेनमध्ये आधीच तह झालेला होता, त्यामुळे त्याला पकडून लंडनला नेण्यात आले. परंतु तेथे शिक्षा होण्याऐवजी १६७४ साली त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली आणि तो जमैकाचा उपगव्हर्नर होऊन परतला. अधिकाराच्या खुर्चीवर बसल्यावर त्यानेच चाच्यांना शिक्षा फर्मावल्या. १६८८ साली तो जमैकातच वारला आणि त्याला पोर्ट रॉयलजवळच्या दफनभूमीत पुरण्यात आले.

त्यानंतर चारच वर्षांनी, ७ जून १६९२ रोजी दुपारच्या सुमारास, मोठा भूकंप झाला. शहर खडकावर नव्हे, तर पाण्याने भिजलेल्या सैल वाळूवर उभे होते, आणि त्यावर विटांची बहुमजली, जड घरे दाटीवाटीने बांधलेली होती. हादऱ्यांनी वाळूच्या कणांमधील पाण्याचा दाब इतका वाढला की जमीन घट्ट न राहता दाट द्रवासारखी वाहू लागली. घरे आडवी न पडता जागच्या जागी खाली गेली, माणसे कमरेपर्यंत आणि मानेपर्यंत वाळूत रुतली आणि हादरे थांबताच ती वाळू पुन्हा आवळली गेली. काही मिनिटांत शहराचा सुमारे दोन तृतीयांश भाग समुद्राखाली गेला. तत्काळ सुमारे २,००० माणसे मेली आणि जखमा व रोगराईने नंतरच्या काळात आणखी हजारो दगावली. मॉर्गनची कबरही त्याच दिवशी समुद्रात गेली.

बुडालेले शहर जागच्या जागी खाली गेल्यामुळेच पुरातत्त्वाच्या दृष्टीने ते अनमोल ठरले. १९५९ साली अमेरिकन संशोधक एडविन लिंक यांच्या मोहिमेत पाण्याखालून एक खिशातले घड्याळ मिळाले, ज्याचे काटे ११ वाजून ४३ मिनिटांवर थांबल्याचे क्ष-किरण तपासणीत दिसले. १९८१ ते १९९० या काळात टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने तेथे पद्धतशीर उत्खनन केले, म्हणजे हॅम्बर्गचे हे चार वादक स्टुडिओत ‘पोर्ट रॉयल’ ध्वनिमुद्रित करत होते तेव्हा पाणबुडे संशोधक त्या शहराच्या भिंती प्रत्यक्ष मोजत होते. २०२५ साली युनेस्कोने या अवशेषांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आता कॅलिको जॅक. त्याचे नाव जॉन रॅकहॅम, आणि रंगीत सुती कापडाच्या कपड्यांच्या आवडीमुळे त्याला हे टोपणनाव पडले असे सांगतात. चार्ल्स व्हेन या चाच्याच्या जहाजावर तो क्वार्टरमास्टर होता, आणि कप्तानाच्या खालोखाल या हुद्द्याचा मान असे. १७१८ साली व्हेनने एका फ्रेंच युद्धनौकेशी लढण्याचे टाळले, तेव्हा खलाशांनी मतदान करून त्याला काढले आणि रॅकहॅमला कप्तान निवडले. कप्तान निवडण्याचा आणि काढण्याचा असा हक्क त्या काळातील कोणत्याही राजाच्या नौदलात खलाशाला नव्हता. पुढे रॅकहॅमने बहामामध्ये राजाची माफी घेतली, पण ऑगस्ट १७२० मध्ये नॅसो बंदरातून ‘विल्यम’ नावाचे एक शिडाचे गलबत पळवून तो पुन्हा जुन्या धंद्याकडे वळला. त्याच्या टोळीत अॅन बॉनी आणि मेरी रीड या दोन स्त्रिया होत्या, आणि आज त्याचे नाव टिकून आहे ते मुख्यतः या दोघींमुळे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जमैकाच्या पश्चिम किनाऱ्यावर चाच्यांचा पाठलाग करणाऱ्या जोनाथन बार्नेट या कप्तानाने ही टोळी पकडली. रॅकहॅमला १८ नोव्हेंबर १७२० रोजी फाशी देण्यात आली. दोघी स्त्रियांनी आपण गरोदर असल्याचे न्यायालयाला सांगितल्यामुळे त्यांची फाशी लांबली. मेरी रीड पुढच्या वर्षी तुरुंगात वारली. कवटी आणि खाली दोन तलवारी असा जो झेंडा त्याच्या नावावर सर्वत्र दाखवला जातो, त्याला समकालीन पुरावा नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

रॅकहॅमला फाशी दिली ती पोर्ट रॉयल येथे. ज्या बंदराने पन्नास वर्षांपूर्वी लुटारूंना परवाने देऊन पोसले, तेच बंदर भूकंपानंतर चाच्यांना लटकवण्याची जागा झाले होते. आता अल्बमचा क्रम पाहा: आरंभीचे गीत त्या मोकाट शहराचे आणि शेवटचे, आठ मिनिटांहून मोठे गीत तेथेच फासावर गेलेल्या माणसाचे. या दोन टोकांमध्ये साम्राज्याला चाचे नकोसे का झाले याचा सारा इतिहास दडलेला आहे. साखरेच्या मळ्यांचा आणि नियमित व्यापाराचा नफा लुटीच्या नफ्यापेक्षा मोठा झाला, आणि कालचे उपयोगी लुटारू आज अडचणीचे ठरले.

प्रश्न: मी आयुष्यभर शास्त्रीय संगीत आणि अभंग ऐकत आलो. आपली शिफारस वाचून अल्बम लावला, पण मला सारे एकसारखे आणि गोंगाटाचे वाटले. यात नेमके काय ऐकावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर: आपण मोकळ्या मनाने ऐकून पाहिलेत हेच महत्त्वाचे. पहिल्या ऐकण्यात सर्व आवाज एकत्र आदळतात, म्हणून एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे, असे मी सुचवतो.

प्रथम शीर्षकगीत लावून केवळ गिटारीचा आधार ऐका. मेटलमध्ये ‘रिफ’ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा, गाण्याला तोलून धरणारा लहानसा स्वरसमूह. वादक उजव्या तळहाताची कड तारांवर हलकी टेकवून त्या छेडतो, त्यामुळे स्वर लांबत नाही, तुटक आणि ठोस येतो. ‘रनिंग वाइल्ड’ची ओळख अशा वेगवान, धावत्या रिफमध्ये आहे. त्याखाली ड्रमवादक श्टेफान श्वार्त्समान दोन्ही पायांनी मोठे ढोल अखंड वाजवत असतो. आपल्या कानाला तालाची सवय आहे, तेव्हा समेचा शोध घेण्याऐवजी चार मात्रांचा सरळ ठेका धरून बसा, म्हणजे वेगाची भीती जाईल.

त्यानंतर ‘कॉन्किस्टाडोरेस’ घ्या आणि गाण्याच्या मधल्या भागात कास्पारेक आणि माइक मोटी यांच्या दोन गिटारी काय करतात ते ऐका. दोघे एकच चाल वाजवतात, पण एक जण षड्जावरून तर दुसरा गंधाराच्या अंतरावरून, आणि दोन्ही ओळी बरोबर चालतात. आपल्या परंपरेत एका चालीला अशी समांतर दुसरी चाल जोडण्याची रीत नाही, त्यामुळे सुरुवातीला कान गोंधळतो. पण याच जागी या बँडच्या चालींना उत्तर युरोपच्या लोकगीतांचा आणि खलाशांच्या समूहगीतांचा गंध येतो. चाच्यांचा विषय शब्दांत जितका आहे तितकाच तो या चालींत आहे. धृपदे अनेकांनी मिळून गाण्यासारखी बांधलेली आहेत, आणि ‘म्युटिनी’मध्ये हे फार उत्तम साधले आहे.

बेस गिटार वाजवणारा येन्स बेकर बँडमध्ये तेव्हा नवीन होता आणि त्याने बेसला केवळ खालच्या भरावाचे काम दिले नाही. ‘फायनल गेट्स’मध्ये त्याचे वाद्य पुढे येते. कास्पारेकचा आवाज खरखरीत आणि मध्य सप्तकातला आहे. त्याच वर्षी त्याच शहरातील ‘हॅलोवीन’ या बँडचा गायक मिखाएल किस्के तार सप्तकात सहज विहार करत होता, त्या तुलनेत कास्पारेकचा आवाका लहान आहे, परंतु जहाजावरून हाक देणाऱ्या माणसाच्या भूमिकेला तो शोभतो. दोष सांगायचे तर ‘रेजिंग फायर’ आणि ‘वॉरचाइल्ड’ ही गाणी मला सामान्य वाटतात, आणि ड्रमच्या आवाजावर त्या दशकाच्या आवडीप्रमाणे दिलेला प्रतिध्वनी आज जास्त वाटतो. सारे ऐकूनही मन रमले नाही, तर तसे मानण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न: माझा सोळा वर्षांचा मुलगा हे अल्बम ऐकतो, खोलीत कवटीची चित्रे लावतो. चाचे हे शेवटी दरोडेखोर आणि खुनी होते. त्यांचे असे गुणगान मुलांच्या कानी पडणे योग्य आहे का?
— एक पालक, ठाणे

उत्तर: आपली काळजी रास्त आहे, आणि चाचे दरोडेखोर होते हे आपले म्हणणेही खरे आहे. केवळ गाण्यांवर विसंबले तर चित्र एकांगी राहते. ज्या पोर्ट रॉयलला अल्बम स्वातंत्र्याचे ठिकाण म्हणून गातो, तेथेच आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचा बाजार भरत होता, आणि पुष्कळ चाच्यांनी पकडलेल्या जहाजांवरील गुलामांना मुक्त न करता माल म्हणून विकले. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने हज यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे येणारे औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज अरबी समुद्रात लुटले, तेव्हा त्याच्या माणसांनी प्रवाशांचे अनेक दिवस हाल केले आणि स्त्रियांवर अत्याचार केले. हे सारे आपल्या मुलाला माहीत असायला हवे.

तरीही अल्बम बंद करा, असे मी म्हणणार नाही. त्या काळचा सामान्य खलाशी कोणत्या परिस्थितीतून चाचा बनत असे, तेही तितकेच खरे आहे. व्यापारी आणि नौदलाच्या जहाजांवर पगार थकवला जाई, अन्न सडके मिळे आणि कप्तानाच्या लहरीवर चाबकाचे फटके बसत. याउलट चाच्यांच्या जहाजांवर लेखी करार असत. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजावरील करार उपलब्ध आहे. त्यात प्रत्येकाला मत होते, कप्तानाला आणि क्वार्टरमास्टरला लुटीचे फक्त दोन वाटे होते, आणि हात किंवा पाय गमावणाऱ्याला सामाईक निधीतून ८०० डॉलर भरपाई ठरवलेली होती. कास्पारेकला चाच्यांमध्ये दिसते ते हे बंड. त्याच्या गाण्यांत रक्तपाताचा रस घेतलेला मला आढळला नाही, अन्यायी अधिकाऱ्याविरुद्धचा संताप मात्र जागोजागी आढळतो.

माझा सल्ला असा की आपण मुलाबरोबर बसून एकदा ‘कॅलिको जॅक’ ऐका आणि त्याला रॅकहॅमचा खरा इतिहास शोधायला सांगा. चित्रातील कवटीपासून पोतोसीच्या खाणीपर्यंत आणि जमैकाच्या गुलामांच्या बाजारापर्यंत पोहोचलेला मुलगा चाच्यांना आंधळेपणाने डोक्यावर घेणार नाही, याची मला खात्री वाटते.

प्रश्न: इंग्रजांनी आमच्या कान्होजी आंग्रे यांनाही चाचा ठरवले होते. मग कॅलिको जॅक आणि कान्होजी यांना एकाच मापाने मोजायचे का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर: मुळीच नाही, आणि दोघे समकालीन असल्यामुळे फरक फार स्पष्ट दिसतो. ज्या १७२० साली रॅकहॅम जमैकात फासावर गेला, त्याच साली मुंबईच्या इंग्रजांनी विजयदुर्गावर मोहीम काढली आणि ती फसली. त्याआधी गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत १७१७ साली विजयदुर्गावर आणि १७१८ साली खांदेरीवर केलेले हल्लेही व्यर्थ गेले होते. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर केलेल्या चढाईत कमोडोर मॅथ्यूजची राजनौकाही होती. हा मॅथ्यूज मुळात हिंदी महासागरातील युरोपीय चाच्यांच्या बंदोबस्तासाठी पाठवलेला अधिकारी होता. तीही चढाई अपयशी ठरली.

रॅकहॅमच्या मागे कोणतेही राज्य नव्हते, किल्ला नव्हता, प्रजा नव्हती. कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल होते, १७१३ साली बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने त्यांनी शाहू छत्रपतींची बाजू घेतली आणि त्यांचे अधिकार कायम झाले. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना दस्तक घेणे ते भाग पाडत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’च्या नावाने हाच परवाना आपल्या समुद्रात सर्वांवर लादला होता. पोर्तुगीजांनी तसे केले तर तो कायदा, इंग्रजांनी परवाने दिले तर तो व्यापार, आणि कोकणच्या दर्यावर तेथल्याच आरमाराने परवाना मागितला तर ती चाचेगिरी, अशी ही कंपनी सरकारची व्याख्या होती. आपल्या आरमाराच्या अधिपतीला त्या व्याख्येतून पाहण्याचे आपल्याला काही कारण नाही.

मॉर्गन, पिसारो आणि कान्होजी यांची उदाहरणे शेजारी ठेवली की लक्षात येते की चाचा कोण हे समुद्रावर ठरत नव्हते, ज्याच्या हाती न्यायालय आणि दप्तर होते तो ते ठरवत होता. ‘पोर्ट रॉयल’ अल्बममधील कोणत्याही गाण्यात आपला किनारा येत नाही, पण हा मुद्दा त्या गाण्यांतून मला जितक्या जोराने जाणवला, तितका तो मराठी आरमाराचा इतिहास माहीत असल्यामुळेच जाणवला असावा.

प्रश्न: अल्बमची कोणती आवृत्ती घ्यावी, आणि यानंतर काय ऐकावे? ‘अलेस्टॉर्म’ हाही असाच बँड आहे का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर: २०१७ साली जुने अल्बम आवाजाची नव्याने जुळणी करून पुन्हा काढण्यात आले. आजच्या साधनांवर ऐकण्यासाठी ‘पोर्ट रॉयल’ची तीच आवृत्ती सोयीची आहे. मूळ ध्वनिमुद्रणातील खडबडीतपणा ज्यांना हवा असेल त्यांनी १९८८ ची आवृत्ती शोधावी.

पुढे ‘डेथ ऑर ग्लोरी’ (१९८९) जरूर ऐका, वादनाच्या सफाईत तो सरस आहे. त्यानंतर ‘ब्लेझन स्टोन’ (१९९१), ‘पाइल ऑफ स्कल्स’ (१९९२) आणि ‘ब्लॅक हँड इन’ (१९९४) अशा क्रमाने जावे. ‘पाइल ऑफ स्कल्स’च्या अखेरीस स्टीव्हन्सनच्या खजिन्याच्या बेटावरील कादंबरीवर बेतलेले सुमारे अकरा मिनिटांचे गाणे आहे. २००९ साली जर्मनीतील वाकेन येथील मेटल संगीताच्या महोत्सवात बँडने निरोपाचा कार्यक्रम केला होता, पण कास्पारेकने २०१२ साली ‘शॅडोमेकर’ हा अल्बम काढून पुन्हा काम सुरू केले. नंतरच्या अल्बमांपैकी ‘रॅपिड फोरे’ (२०१६) मला जास्त आवडतो.

‘अलेस्टॉर्म’ हा स्कॉटलंडमधील पर्थचा बँड असून २००८ साली ‘कॅप्टन मॉर्गन्स रिव्हेंज’ या अल्बमने त्याने सुरुवात केली. त्यांच्या संगीतात की-बोर्ड आणि लोकसंगीताच्या चाली पुढे असतात, आणि दारू, मौज व अतिशयोक्ती हा त्यांच्या गाण्यांचा मुख्य विषय आहे. मैफलीत हजारो लोकांना एका सुरात गायला लावण्याची त्यांची ताकद मोठी आहे. इतिहासाच्या ओढीने जे वाचक या विषयाकडे वळले आहेत, त्यांनी आधी ‘रनिंग वाइल्ड’चे वर सांगितलेले चार अल्बम पूर्ण ऐकावेत आणि मग ‘अलेस्टॉर्म’कडे जावे, असे मी सुचवेन.